प्रश्नचिन्ह गेलं कुठे? इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकण्याचे आणि आपल्यापुरता बदलण्याचे सात महिने

जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एका अनुवादाची फाइल परत आली. सोबत एकच ओळ होती : "ॲप हा शब्द ६३ ठिकाणी शोधात सापडत नाही, कृपया पाहावे." मी फाइल उघडली. ॲप सगळीकडे होतं. मला दिसत होतं, मग शोधणाऱ्याला का दिसेना?

दोन तास डोकं खाजवल्यावर भानगड कळली. काही ठिकाणी अ लिहून त्यावर चंद्र चढवलेला होता आणि काही ठिकाणी ॲ हे एकसंध अक्षर होतं. दिसायला जुळे भाऊ, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळी माणसं. ॲ ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी बरेच जण अ वर चंद्र देऊन भागवायचे, आणि ती सवय अजून जिकडेतिकडे शिल्लक आहे. मी तेव्हा रोमन अक्षरांत मराठी लिहीत होते, म्हणजे aap टाइप करायचं आणि समोर येणाऱ्या यादीतून निवडायचं असा प्रकार. यादीत कधी पहिला भाऊ वर असायचा, कधी दुसरा. बारा वर्षं मी असंच लिहीत आले होते आणि घरखर्चाचा मोठा वाटा त्यावर चालत होता. त्यात त्या महिन्यात दोनदा नेट गेलं आणि दोन्ही वेळा काम अर्धवट सोडून शेजारच्या घरी जाऊन बसावं लागलं, कारण माझं साधन नेटशिवाय चालत नव्हतं.

तेव्हा ठरवलं, आता इनस्क्रिप्ट, म्हणजे बटणागणिक थेट देवनागरी अक्षर देणारा कीबोर्ड, शिकायचं. आणि ते शिकताना कीबोर्ड आपल्याला हवा तसा करून घ्यायचा. पहिली गोष्ट सगळेच सांगतात, दुसरीबद्दल मराठीत फार काही सापडलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक कबुली. मी १९९७ साली साताऱ्यात मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली आहे. सरकारी, टाइपरायटरवरची. रोज सकाळी सातला क्लास, पंधरा मशिनांचा एकच खडखडाट, आणि कार्बनचे निळे डाग पडलेली ओढणी. प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. त्यानंतर त्या बोटांना कामच मिळालं नाही. मला वाटलं, जुनी विद्या उपयोगी पडेल. ती आडवी आली, ते पुढे येईलच.

१ फेब्रुवारीला, गुरुवारी, सुरुवात केली. विंडोजमध्ये मराठी भाषा घातली की इनस्क्रिप्ट आपोआप मिळतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. खर्च शून्य.

इनस्क्रिप्टचा आराखडा केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली काढला आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तो आला. गंमत म्हणजे एकदा तो समजला की घोकावा लागत नाही, कारण तो आपल्या वर्णमालेवरच बेतलेला आहे. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. त्यांच्या वरच्या ओळीत ब, ह, ग, द, ज, ड. म्हणजे क च्या डोक्यावर ग, त च्या डोक्यावर द, च च्या डोक्यावर ज. शिफ्ट दाबून क म्हणजे ख, ग म्हणजे घ. वर्गातली पहिली चार अक्षरं एका उभ्या रेघेत. डाव्या हाताला मधल्या ओळीत ऱ्हस्व वेलांटी आणि उकार, वर दीर्घ. शिफ्ट दाबली की चिन्हाऐवजी पूर्ण स्वर : काना असेल तर आ, वेलांटी असेल तर इ. मी हे एका कागदावर काढलं आणि पडद्याच्या वर चिकटवलं. माझा आठवीतला भाचा सुट्टीला आला होता. त्याने 'ब-ह-ग-द-ज-ड' मोठ्यांदा वाचलं, दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरावर थांबला आणि पोट धरून हसत सुटला. त्याला ती ओळ आयुष्यात विसरणार नाही. मलाही.

एवढं समजल्यावरही पहिल्या आठवड्यात माझा वेग मिनिटाला सहा शब्द होता. रोमनमधून मी साधारण अठ्ठावीस लिहायचे. सहा म्हणजे अक्षरशः पहिलीतलं पोर. आणि इथेच टाइपरायटर आडवा आला. मशिनवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम : आधी व, मग वेलांटी. मला वाटत होतं सत्तावीस वर्षांत बोटं सगळं विसरली असतील. पण 'कविता' लिहायला गेले की 'किवता' उमटायचं. 'विचार' लिहिलं की सुरुवातीला एक ठिपक्यांचं वर्तुळ यायचं, बिनमालकाची वेलांटी अंगावर घेऊन उभं. रफाराचंही तेच. मशिनवर अक्षर आधी, रफार मागाहून. इथे र लिहून त्याचा पाय मोडायचा आणि मग पुढचं अक्षर. माझा मार्च महिना कितीतरी दिवस 'माचर्' होता.

तुम्ही मशिनवर शिकला असाल तर एक सांगते : यावर सरावाशिवाय उपाय नाही, पण सराव कशाचा करायचा ते महत्त्वाचं. मी धडे सोडून दिले आणि रोज वीस मिनिटं फक्त वेलांटी-रफाराचे शब्द लिहिले. किमती, गणित, निर्मिती, मूर्ती, विद्यार्थी, वर्षानुवर्षे. बोलत बोलत लिहायचं. तोंडाने 'व ला वेलांटी' म्हटलं की बोट निमूट ऐकतं. घरच्यांना वाटलं मी बाराखडी गिरवते आहे. फारसं चुकीचं नव्हतं. पैशाचं काम या काळात रोमनमधूनच केलं. दोन्ही एकदम बदलायला जाऊ नका, महिन्याचं गणित कोसळेल.

एक गैरसमजही इथे दूर करते. इनस्क्रिप्टमध्ये बटणं कमी दाबावी लागतात असं मी ऐकलं होतं. शब्दावर अवलंबून आहे. 'सकाळ' ला रोमनमध्ये पाच-सहा बटणं, इनस्क्रिप्टमध्ये चार. पण 'विद्यार्थ्यांच्या' मोजून पाहा : इनस्क्रिप्टमध्ये सतरा, रोमनमध्ये पंधरा. जोडाक्षरं वाढली की पाय मोडायचं बटण सारखं दाबावं लागतं. फायदा दुसराच आहे. जे दाबलं तेच उमटतं, यादीतून निवडायला नजर हलवावी लागत नाही. मानेला पहिला फरक तिथे जाणवला.

३ फेब्रुवारीला देवनागरी अक्षरांची तयार स्टिकरं मागवली, १९९ रुपये. ९ तारखेला आली. लावायला दीड तास लागला. चिमट्याने लावा, बोटाने लावली की तिरकी बसतात, आणि आधी कीबोर्ड स्पिरिटने पुसून घ्या. तीन आठवड्यांत काना आणि पाय मोडका ही दोन स्टिकरं पुसट झाली. मराठीत ही दोन बटणं किती दाबली जातात त्याचा तो पुरावाच समजा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वेग अकरावर आला आणि मी पहिल्यांदा एक खरं पत्र इनस्क्रिप्टमध्ये लिहायला घेतलं. दुसऱ्याच वाक्याला अडकले. वाक्य होतं, 'रक्कम कधी जमा होईल' आणि पुढे प्रश्नचिन्ह हवं होतं. ते सापडेना. इंग्रजीत जिथे प्रश्नचिन्ह असतं तिथे इनस्क्रिप्टमध्ये खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, असलेला य़ आहे. उद्गारचिन्हाच्या जागी ऍ. विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविरामाचं चिन्ह हवं तर तिथे छ. अवतरणचिन्हांच्या जागी ठ. म्हणजे प्रत्येक प्रश्नासाठी इंग्रजीत जा, प्रश्न विचारा, परत या. संवादाचं एक पान लिहून पाहिलं, ३८ वेळा ये-जा झाली.

दुसरीकडे मराठीला अजिबात नको असलेली अक्षरं जागा अडवून बसलेली. हा आराखडा सगळ्या देवनागरी भाषांसाठी आणि इतर लिप्यांशी जुळवून केलेला, त्यामुळे त्यात द्राविडी भाषांतले ऱ्हस्व ऎ-ऒ आहेत, नुक्त्याचा ऩ आहे, ऴ आहे. त्यांचा उपयोग कुणालातरी नक्की आहे. मला बारा वर्षांत एकदाही पडला नव्हता. इकडे रिकामी घरं, तिकडे बेघर प्रश्नचिन्ह. मग हलवाहलव करायला काय हरकत आहे?

विंडोजसाठी 'मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर' नावाचा फुकट प्रोग्राम आहे, आवृत्ती १.४. त्याला डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्याच पूरक सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती लागते. तुमच्याकडे नसेल तर तो आधी ती मागेल, घाबरू नका. उघडल्यावर रिकाम्या बटणांचा कीबोर्ड दिसतो. पहिल्यापासून भरत बसू नका. फाइलच्या यादीत 'असलेला कीबोर्ड उघडा' अशा अर्थाचा पर्याय आहे, तिथून देवनागरी निवडा, सगळी अक्षरं जागच्या जागी येतात. मग एखाद्या बटणावर टिचकी मारायची आणि हवं ते चिन्ह चिकटवायचं. डाव्या बाजूला शिफ्ट, उजवं ऑल्ट वगैरेच्या चौकटी आहेत. त्यात खूण केली की त्या थरातली अक्षरं दिसतात. एका बटणावर एकापेक्षा जास्त अक्षरंही देता येतात, चारपर्यंत. म्हणजे क्ष, श्र अशी जोडाक्षरं एका फटक्यात.

मला एवढा आनंद झाला की मी वाहवले. दोन रात्री जागून अर्धा कीबोर्ड फिरवला. ळ ला शिफ्ट का दाबावी लागावी? मराठी माणसाचं अक्षर ते! उचलला आणि झेडच्या बटणावर आणून ठेवला, त्याच्या जुन्या जागी अपूर्णविराम. ण उचलला. ज्ञ हलवला. वरच्या ओळीत सगळे मराठी अंक भरले. मग 'तपासा', मग 'बांधा'. एक फोल्डर तयार होतो, त्यात सेटअपची फाइल. ती चालवली की झालं. मी कीबोर्डला स्वतःच्या आजीचं नाव दिलं. नाव आठ अक्षरांच्या आत रोमनमध्ये द्यावं लागतं, आजी बसली.

७ मार्चला संगणक बंद करून चालू केला आणि आत जाता येईना. पासवर्ड चूक. पुन्हा चूक. पाच वेळा. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, त्यामुळे काय उमटतंय ते कळत नाही. मुलाला पुण्याला फोन लावला, तो म्हणाला, "आई, कॅप्स लॉक बघ." बघितलं, बंद होतं. पाऊण तासाने खाली उजव्या कोपऱ्यातल्या भाषेच्या बारीक खुणेकडे लक्ष गेलं. मी उत्साहाच्या भरात आजीला मुख्य कीबोर्ड केलं होतं, सुरुवातीच्या पडद्यासाठीसुद्धा. म्हणजे मी पासवर्ड देवनागरीत देत होते! नवा कीबोर्ड घातला की सुरुवातीच्या पडद्याला इंग्रजीच ठेवा. एवढी एक ओळ कुणीतरी आधी सांगितली असती तर.

त्यानंतर अंकांनी दगा दिला. महिनाअखेरीला बिलाचा तक्ता भरला, १२००, ८५०, २४००, सगळे मराठी अंक, सुरेख दिसत होते. बेरीज आली शून्य. तक्त्याने ते आकडे समजलेच नाहीत, शब्द म्हणून घेतले. अंक परत इंग्रजी केले आणि मराठी अंक उजव्या ऑल्टच्या थरात टाकले. लिखाणात हवे तिथे ते मिळतात, हिशेबाला साधे.

दुरुस्ती करताना एक अडचण येते ती सांगून ठेवते. त्याच नावाने कीबोर्ड पुन्हा बांधला तर जुना आधी काढून टाकावा लागतो, नाहीतर सेटअप नकार देतो. काढल्यावर एकदा लॉगआउट करून यायचं. मी प्रत्येक आवृत्तीची मूळ केएलसी फाइल तारीख टाकून वेगळी ठेवत गेले. आजवर अशा अकरा फाइली झाल्या आहेत.

आता अक्षरं हलली म्हणजे तयार स्टिकरं निकामी. पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या एका रेडियमवाल्याकडे गेले. गाड्यांच्या काचांवर 'आई-वडिलांची पुण्याई' लिहून देणारे असतात ना, तसं छोटं दुकान. पाडव्याला नव्या गाड्या येणार म्हणून रांग होती. माझा नंबर आल्यावर मी कागद पुढे केला.

"ताई, हे केवढ्या साइजचं?"

"बटणाएवढं. एका बटणावर दोन अक्षरं, वर-खाली."

त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "एवढं बारीक कापत नाही मशिन. काना निघंल, पण ळ चं पोट फाटतं." मग त्यांनीच तोडगा काढला : रेडियम कापायच्या ऐवजी पांढऱ्या स्टिकरवर छापून वर लॅमिनेशन करायचं आणि चौकोन कापायचे. पण त्यांच्या संगणकावर माझी अक्षरं फुटली. त्यांचे फाँट जुन्या पद्धतीचे, युनिकोडच्या आधीचे. मी घरी येऊन सगळं पीडीएफ करून नेलं, तेव्हा नीट उघडलं. तुम्ही जाणार असाल तर पहिल्यांदाच पीडीएफ न्या, एक खेप वाचेल.

तिसऱ्या दिवशी, ११ तारखेला, फोन आला, "ताई, या, तयार आहे." जाऊन पाहते तर ऱ्हस्व वेलांटी नुसती हवेत, काना म्हणजे एक उभी रेघ आणि अनुस्वाराच्या स्टिकरवर मधोमध एक काळा ठिपका. माशी बसल्यासारखा.

"दादा, इथे ठिपक्यांचं वर्तुळ होतं ना प्रत्येकाला?"

"ते होय! ते गोल चुकून आले होते सगळीकडे. काढून टाकले मी एक-एक करून. लई वेळ गेला त्यात."

काय बोलणार? त्या माणसाने माझ्यासाठी रांगोळीचे ठिपके वेचावेत तशी वर्तुळं वेचली होती. मी काहीच न बोलता १५० रुपये दिले. घरी आल्यावर एक लक्षात आलं, त्या नुसत्या रेघा आणि ठिपके बटणावर वाचायला जास्त सोपे होते. वर्तुळं असती तर एवढ्याशा जागेत सगळं सारखंच दिसलं असतं. फक्त अनुस्वाराचं स्टिकर दोनदा झाडलं, घाण समजून.

मे महिन्यापर्यंत वेग एकोणीस झाला. पैशाची निम्मी कामं आजीवर होऊ लागली. मग आली पुण्याची खेप. एका कामाची शेवटची दुरुस्ती ऑफिसात बसून त्यांच्याच संगणकावर करायची होती, २१ आणि २२ मे. सकाळी सहाच्या विनावाहक गाडीने स्वारगेट गाठलं, कंदी पेढ्यांचा बॉक्स पर्समध्ये, आत्मविश्वास त्याहून जड. त्यांच्या संगणकावर इनस्क्रिप्ट होतंच. बसले आणि 'सकाळी' लिहिलं. उमटलं 'सकाॆी'. ळ च्या जागी मात्रेसारखं भलतंच काहीतरी. 'बाण' गेला. 'ज्ञान' गेलं. बोटं आजीच्या घरी राहायला गेली होती, आणि हे सरकारी मानकाचं घर होतं. त्यांच्या संगणकावर बाहेरचं काही घालायची परवानगी नव्हती, त्यामुळे माझा सेटअप पेनड्राइव्हमध्येच राहिला. दोन दिवस मी बटणांकडे पाहत, एका बोटाने, म्हशीने चिखलातून चालावं तशी लिहीत होते. शेजारी बसलेली विशी-बाविशीची मुलगी साधं इनस्क्रिप्ट खडाखडा मारत होती. तिने एकदा हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला रोमन सेट करून देऊ का?"

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी ठरवलं : असलेलं अक्षर हलवायचं नाही. रिकाम्या, मराठीला न लागणाऱ्या जागाच भरायच्या. ज्या बटणावर जे अक्षर देशभर आहे ते तिथेच राहील, म्हणजे कुठेही बसले तरी लिहिता येईल, आणि माझ्या संगणकावर बसले तर थोडी जास्त सोय मिळेल.

२६ मेला नवी आवृत्ती बांधली. त्यात फार काही नाही. य़ च्या जागी प्रश्नचिन्ह, म्हणजे इंग्रजीत असतं तिथेच. ऍ च्या जागी एकसंध ॲ, ज्यापासून हे सगळं सुरू झालं. मराठीत ॲ च लिहितात, ऍ नाही, त्यामुळे नुकसान काहीच नाही. उजवं ऑल्ट धरलं की बटणावर छापलेलं इंग्रजी विरामचिन्ह मिळतं : अर्धविराम, तिरकी रेघ, कंस, आणि उद्गारचिन्हही. अवतरणचिन्हं मात्र मी गोलाईची घातली, उघडणारं आणि मिटणारं वेगळं, छापखान्याला तीच लागतात. ळ शिफ्टसकट जुन्या जागी परत गेला, पण झेडच्या बटणावरही एक जादा ळ ठेवला. लाड म्हणून. ऱ ला हातच लावला नाही. दऱ्या, वऱ्हाड, तऱ्हा यांच्यासाठी शिफ्ट-र, पाय मोडा, य किंवा ह, एवढं मुळातच नीट आहे. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते 'दर्या' लिहून मोकळे होतात, म्हणजे दरीचा पार समुद्र होतो.

बोटांना जुन्या जागा परत शिकवायला तीन आठवडे गेले. मे महिन्यातले एकोणीस जूनच्या पहिल्या आठवड्यात तेरा झाले होते. रडकुंडीला आले होते, खरं सांगते. एका संध्याकाळी कीबोर्ड उलटा करून ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी काम आलं, रोमन उघडलं, आणि यादीत शब्द शोधायला नजर खाली नेताना एवढा कंटाळा आला की पुन्हा इनस्क्रिप्टवर आले. जुलैअखेरीस चोवीस, ३१ ऑगस्टला मोजलं तेव्हा एकतीस. रोमनपेक्षा तीन शब्द जास्त. सात महिन्यांच्या घामाला तीन शब्द म्हणजे काहीच नाही, पण नेट गेलं तरी मी जागची हलत नाही आणि ६३ ॲप आता सापडतात.

पैशाचा हिशेब : तयार स्टिकरं १९९, रेडियमवाल्याचे १५०, मधे एक साधा वायरचा कीबोर्ड घेतला ६५० ला, कारण लॅपटॉपची बटणं बसकी असतात आणि त्यांच्यावर लॅमिनेशनच्या कडा टोचतात. एकूण ९९९. महागडा, बटणं काढता येणारा कीबोर्ड घ्यायचा मोह झाला होता. बरं झालं आवरला, कारण जूनमध्ये मी जवळजवळ सगळी स्टिकरं काढून टाकली. असली की नजर जाते, नसली की बोटांना झक मारत शिकावं लागतं. फक्त सहा ठेवली आहेत, मी बदललेल्या जागांवरची. एफ आणि जे वरचे छोटे उंचवटे तेवढे लागतात. माझ्यासाठी ते ऱ्हस्व वेलांटी आणि र आहेत.

राहिलेला एक त्रास असा की जुन्या फाइलींत अ वर चंद्र दिलेले शब्द अजून आहेत. एखादी फाइल उघडली की पहिल्यांदा 'शोधा आणि बदला' करून सगळे चंद्र एकसंध ॲ मध्ये घालते. एकदम सगळ्या फाइलींना करायचं धाडस होत नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याने फोन केला. त्याला शाळेच्या अंकासाठी मराठी टाइप करायचं आहे आणि त्याला 'ती हसायची ओळ' असलेला कीबोर्ड हवा आहे, स्टिकरांसकट. नवशिक्याला स्टिकरं लागतातच म्हणून रेडियमवाल्याकडे गेले. त्यांनी मला ओळखलं, संगणकात शोधलं, आणि 'ताई कीबोर्ड फायनल २' अशी फाइल उघडली. मी सांगितलेले बदल त्यांनी एक-एक करून टाकले. मग माउसवरचा हात थांबवून विचारलं, "ते गोल परत टाकू का या वेळेला?"

"नको," म्हटलं. "आहे तसंच राहू द्या. फक्त तो ठिपका जरा मोठा करा."